मदत हवी आहे: गॅलरीसमोर ११ केव्हीची लाइन आणि रंगाऱ्याची अ‍ॅल्युमिनियमची शिडी

नमस्कार मंडळी,
नागपूरला बेसा भागात आमच्या घराचं काम संपत आलंय. रस्त्याच्या बाजूने ११ केव्हीची (११ हजार व्होल्टची) विजेची लाइन जाते, वरच्या गॅलरीपासून साधारण पाच फुटांवर. सोमवारपासून बाहेरचा प्रायमर. रंगारी अ‍ॅल्युमिनियमची शिडी आणणार आहेत. मी म्हटलं, बांबूचा पहाड (परांची) बांधा. ठेकेदार म्हणतो, "ताई, ३० एमएचा ईएलसीबी बसवला न, शॉक लागला की ट्रिप होते." (ईएलसीबी म्हणजे करंट गळला की सप्लाय तोडणारा मीटरजवळचा स्विच.) तो मामेसासऱ्यांच्या ओळखीचा, त्यामुळे मी फार ताणलं की घरातच वाद.

(खाली कटर मशीनची वायर पिनशिवाय, माचिसच्या काड्या ठोकून सॉकेटात खुपसलेली आहे. फरशीवर पाणी. यावरून माणसाचा अंदाज घ्या.)

ईएलसीबीचं खरं आहे का? लाकडी शिडी चालेल का?

प्रतिसाद:
ताई, त्या लाइनशी तुमच्या ईएलसीबीचा काडीचा संबंध नाही. तो फक्त त्याच्या पुढच्या, घरातल्या वायरिंगमधून करंट गळला तर सप्लाय तोडतो. बाहेरच्या तारेचा करंट शिडीतून, माणसातून सरळ जमिनीत जाईल, ईएलसीबीला पत्ताही लागणार नाही. त्या तारा बहुतेक ठिकाणी उघड्याच असतात, काळ्या दिसतात म्हणून कोटिंग समजू नका. ११ हजार व्होल्टला टेकावंही लागत नाही, फार जवळ गेलं तरी ठिणगी उडते.

नियमाप्रमाणे ११ केव्हीच्या तारेपासून इमारतीचं आडवं अंतर किमान १.२ मीटर हवं. तुमचं दीड मीटर, म्हणजे कागदावर पास. पण भिंत जागची हलत नाही, शिडी हलते. उभी करताना कलली की तारेवर. लाकडाची असो की बांबूचा पहाड, ओल असली तर करंट येतोच, आणि लांब बांबू तारेला लागतो तो बांधतानाच.

महावितरणच्या शाखा कार्यालयात लेखी अर्ज देऊन लाइन बंद मागा. लाइनमनने समोर येऊन, अर्थिंग करून सांगितल्यावरच त्या बाजूला माणूस चढवा. फोनवरच्या "बंद केली" वर नको. तोवर बाकीच्या तीन बाजू रंगवा. कटरला आजच थ्री-पिन टॉप लावून घ्या. ईएलसीबी तिथे कामाचा आहे, टेस्ट बटण दाबून बघा.

धागाकर्ती:
आभार दादा. मीटर सासूबाईंच्या नावावर आहे, अर्ज त्यांच्याच सहीने देते. मग मामांना समजावणं त्यांच्याकडेच जाईल.