शब्दचर्चा : 'शोधनिबंधांसाठी आवाहन', 'धर्मसंस्कृती' आणि 'मध्ययुग'

टाकबोरू :
एका विशेषांकासाठी लेख मागवायचे आहेत. निवेदनाचा कच्चा मसुदा असा आहे: "मध्ययुगीन धार्मिक संस्कृती आणि ऑनलाइन संप्रेषण या विषयावर विद्वत्तापूर्ण शोधप्रबंधांसाठी आव्हान करण्यात येत आहे. गोषवारा ३०० शब्द. निबंधांचे समवयस्क परीक्षण होईल. अंतिम मुदत ३१ तारखेला रात्री १२." यातले कोणते शब्द खटकतात आणि त्यांच्या जागी काय घालावे? विशेषतः 'धार्मिक संस्कृती' मला बरोबर वाटत नाही, पण नेमके काय चुकते ते सांगता येत नाही.

मात्रावेलांटी :
आधी ठळक चुका बघू. 'आव्हान' म्हणजे ललकारी. तुम्हाला हवे आहे ते 'आवाहन'. हे दोन शब्द छापील पत्रकांतही सर्रास एकमेकांच्या जागी जातात, आणि शब्दतपासणीला ते सापडत नाहीत, कारण दोन्ही शब्द कोशात आहेत. (षोडशोपचार पूजेतही देवतेचे आवाहनच करतात. निबंधांचे विसर्जन पुढे संपादक करतात ते वेगळे.)

दुसरे, 'शोधप्रबंध' म्हणजे पदवीसाठी विद्यापीठाला सादर करायचे दोन-चारशे पानांचे बाड. ते कोणी अंकाला पाठवणार नाही. पाच ते आठ हजार शब्दांच्या लेखनाला 'शोधनिबंध' म्हणा, नाहीतर सरळ 'संशोधनलेख'.

'विद्वत्तापूर्ण' काढून टाका. ती वाचकाने द्यायची दाद आहे, संपादकाने घालायची अट नव्हे. अट घालायचीच तर 'मूळ साधनांवर (म्हणजे पोथ्या, हस्तलिखिते यांवर) आधारित, पूर्वी अप्रकाशित' अशी घाला. म्हणजे पाठवणाऱ्याला काय करायचे ते कळते.

आणि 'करण्यात येत आहे' कशाला? 'लेख मागवत आहोत' एवढे पुरे.

पोथीपान :
'धार्मिक संस्कृती'त दोन अडचणी आहेत. 'धार्मिक' हे विशेषण मराठीत माणसाच्या स्वभावालाही लागते. 'धार्मिक घराणे' म्हटले की देवभोळे, व्रतवैकल्ये पाळणारे घराणे डोळ्यांपुढे येते. त्यामुळे 'धार्मिक संस्कृती' वाचून 'धर्मपरायण संस्कृती' असा अर्थ निघतो. 'धर्मसंस्कृती' हा समास त्यातून सुटतो.

दुसरी अडचण अनेकवचनाची. 'संस्कृती'चे सामान्य अनेकवचनही 'संस्कृती'च, त्यामुळे शीर्षकात अनेकपणा दिसत नाही आणि वाचक एकच एक संस्कृती धरून चालतो. इथे तर तो अनेकपणा हाच विषयाचा गाभा आहे. महानुभाव, वारकरी, नाथ, सूफी यांची साधने, लिपी, वाचकवर्ग वेगवेगळे आहेत, आणि तरी ती एकमेकांत मिसळतात. १६१६ मध्ये गोव्यातल्या रायतूरला छापलेले, इंग्रज जेझुइट पाद्री थॉमस स्टीफन्सचे 'क्रिस्तपुराण' घ्या. विषय ख्रिस्ती, छंद ओवीचा, घाट पुराणाचा, भाषा मराठी आणि छपाई रोमन लिपीत. ते कोणत्या एका संस्कृतीत बसवणार? म्हणून 'विविध धर्मसंस्कृती' किंवा 'धर्मसंस्कृती आणि त्यांचे परस्परसंबंध' असे लिहा.

विषयांची यादी देताना 'पंथ' आणि 'संप्रदाय' यांची मोळी बांधू नका. 'महानुभाव पंथ', 'नाथ संप्रदाय', 'समर्थ संप्रदाय' असे वापर रूढ आहेत, वारकऱ्यांना दोन्ही शब्द लागतात. सूफी परंपरेसाठी मात्र 'सिलसिला' ठेवा. चिश्ती, कादिरी यांना 'पंथ' म्हटले की त्यातला गुरुपरंपरेच्या साखळीचा अर्थ गळून पडतो.

टाकबोरू :
'मध्ययुगीन'बद्दल काय? तो तरी निर्धास्त आहे ना?

पोथीपान :
तोच सर्वांत फसवा आहे. युरोपच्या इतिहासात मध्ययुग साधारण इ.स. ५०० ते १५०० असे धरतात. मराठी वाङ्मयाच्या इतिहासात 'मध्ययुगीन' हा शब्द पार १८१८ पर्यंत ताणलेला सापडतो, आणि त्याच वाङ्मयाला दुसऱ्या पुस्तकात 'प्राचीन मराठी' म्हटलेले असते. ज्ञानेश्वरी (१२९०) दोन्ही मापांत मध्ययुगीन ठरते. पण तुकारामांवरचा लेख आला तर? युरोपीय मापाने सतरावे शतक हे आधुनिक काळाचा आरंभ आहे. अशा वेळी विषयाबाहेरचा म्हणून लेख परत करावा लागतो आणि लेखक रागावतो, तेही रास्तपणे. म्हणून विशेषणावर विसंबू नका, निवेदनातच 'इ.स. १२०० ते १७००' अशी सीमा लिहा.

कालगणनाही एकच मागा. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो हे सगळ्यांना पाठ असते. पण शकवर्ष चैत्रात सुरू होते, त्यामुळे जानेवारीपासून फाल्गुनअखेरपर्यंत ७९ मिळवायचे असतात. तुकारामांचे प्रयाण परंपरेने शके १५७१, फाल्गुन वद्य द्वितीया. ७८ मिळवले तर १६४९ येते, खरे साल १६५०. तिथी दिली असेल तर महिना बघितल्याशिवाय बेरीज करू नये, आणि महिनाच माहीत नसेल तर '१६४९-५०' असे जोडसाल लिहावे. शुहूर सन (मराठेशाहीच्या कागदपत्रांत आढळणारी एक कालगणना) मृग नक्षत्राला बदलतो, तिथे मृगापासून डिसेंबरपर्यंत ५९९ आणि त्यापुढे ६०० मिळवायचे. हिजरीला अशी ठरावीक बेरीज नाहीच. चांद्रवर्ष ३५४-३५५ दिवसांचे असल्याने फरक दरवर्षी सरकतो, म्हणून तिथे कोष्टकच लागते.

मात्रावेलांटी :
साधनांच्या शब्दांबद्दलही सूचना द्यायला हवी, कारण लेखात तिथेच घोळ होतो. सुट्या पानांची, दोन फळ्यांत किंवा रुमालात बांधलेली ती पोथी. शिवलेली वही ते बाड. 'हस्तलिखित' दोन्हींना चालते. 'पाठांतर' जपून वापरावा. संहिताचिकित्सेत, म्हणजे जुन्या प्रती ताडून मूळ मजकूर ठरवताना, त्याचा अर्थ दुसऱ्या प्रतीतला निराळा मजकूर, पण सामान्य वाचकाला घोकंपट्टी आठवते. 'पाठभेद' बिनधोक. आणि मोडीतला मजकूर देवनागरीत आणणे हे लिप्यंतर, भाषांतर नव्हे. हे सांगायची गरज पडू नये, पण पडते.

रेफ :
'संप्रेषण' हिंदीत रुळलेला आहे. आपल्याकडे विद्यापीठीय वापरात 'संज्ञापन' आहे, पण तो ऐकून बाहेरचा वाचक गोंधळतो. विषय जर 'या साधनांवरची चर्चा आणि देवाणघेवाण इंटरनेटवर कशी चालते' असा असेल तर 'ऑनलाइन संवाद' पुरे. 'ऑनलाइन'ला 'जालीय' करायचा अट्टहास नको.

मला त्याहून महत्त्वाचे वाटते ते मजकुराचे संकेतन, म्हणजे अक्षरे संगणकात कोणत्या क्रमांकांनी साठवायची ती पद्धत. लेख यूनिकोडमध्येच मागवा. जुन्या, यूनिकोड नसलेल्या फाँटमधला मजकूर दुसऱ्या संगणकावर उघडला की अक्षरांऐवजी चिन्हांची जत्रा दिसते. यूनिकोडमध्येही एक खड्डा आहे. 'दुसऱ्या'मधला अर्धा र दोन प्रकारे टंकता येतो: नुक्त्याचा 'ऱ' (क्रमांक ०९३१) घेऊन, किंवा साधा 'र' (०९३०), हलन्त आणि त्यापुढे अदृश्य जोडणीचिन्ह घालून. दिसायला दोन्ही सारखे, शोधताना मात्र एकाला दुसरा सापडेलच असे नाही. लेखांत दोन्ही आले तर अंकाची सूची फुटते. एक प्रकार ठरवा आणि निवेदनात कळवा.

जुन्या संहितांत तर अनुस्वारांचाही प्रश्न. १९६२च्या लेखननियमांनी अनुच्चारित अनुस्वार गेले. त्याआधी छापलेल्या प्रतीतले 'नाहीं' हे 'नाही' शोधून मिळेलच असे नाही. म्हणून अवतरणात मूळ लेखन ठेवा आणि बीजशब्द (कीवर्ड) आजच्या लेखनात द्यायला सांगा. मोडी अक्षरे मोडीतच द्यायची असतील तर २०१४ पासून यूनिकोडमध्ये मोडीला स्वतंत्र जागा आहे, पण वाचणाऱ्याच्या यंत्रात फाँट नसला की नुसते चौकोन उमटतात. चित्र जोडणे बरे.

टाकबोरू :
'गोषवारा' कचेरीतला वाटतो. 'सारांश' करू का?

मात्रावेलांटी :
नको. सारांश लिहून झालेल्या मजकुराचा असतो. गोषवारा संशोधनात रुळला आहे, तोच राहू द्या. फक्त त्यात काय हवे ते सांगा: प्रश्न, वापरलेली साधने, पद्धत आणि निष्कर्षाची दिशा. नाहीतर संतांची थोरवी सांगण्यात दोनशे शब्द खर्ची पडतात आणि साधन कोणते ते कळतच नाही. शब्दमर्यादा इंग्रजी निवेदनावरून जशीच्या तशी उचलू नका. मराठीत विभक्ती आणि शब्दयोगी अव्यये शब्दालाच चिकटतात. 'मठातल्या पोथ्यांवरून' हे दोनच शब्द. मराठी गोषवाऱ्याला २०० ते २२० पुरतात.

'समवयस्क परीक्षण' हे 'पीअर रिव्ह्यू'चे शब्दशः भाषांतर. ते वाचून लेख लेखकाच्या वर्गमित्रांकडे जाणार असे वाटते. 'तज्ज्ञ-परीक्षण' लिहा. लेखक आणि परीक्षक एकमेकांना अज्ञात राहणार असतील तर तेवढेच वाक्य लिहा, 'डबल-ब्लाइंड'चे 'दुहेरी अंध' कशाला?

रेफ :
मग हेही जोडा: नाव लेखातून काढले तरी फाइलच्या गुणधर्मांत राहते, ते तिथूनही पुसावे. आणि 'मागील लेखात मी दाखवल्याप्रमाणे' अशी तळटीप नको, त्यात सगळे उघडे पडते.

'३१ तारखेला रात्री १२' म्हणजे ३० संपताना की ३१ संपताना? '३१ तारखेला रात्री ११.५९ पर्यंत, भारतीय प्रमाणवेळ' असे लिहा. काही परदेशी निवेदनांत पृथ्वीवर कुठेही तो दिवस संपेपर्यंत अशी मुदत असते. ती आपल्याकडे दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ५.२९ ला संपते.

टाकबोरू :
सुधारलेला मसुदा: "इ.स. १२०० ते १७०० या काळातील विविध धर्मसंस्कृती आणि त्यांच्या साधनांविषयीचा ऑनलाइन संवाद या विषयावर मूळ साधनांवर आधारित, अप्रकाशित शोधनिबंध मागवत आहोत. गोषवारा २२० शब्दांपर्यंत, यूनिकोडमध्ये. तज्ज्ञ-परीक्षणात लेखक व परीक्षक परस्परांना अज्ञात राहतील. मुदत ३१ तारखेला रात्री ११.५९ पर्यंत (भारतीय प्रमाणवेळ)."

मात्रावेलांटी :
छान. 'पोच दोन दिवसांत मिळेल, न मिळाल्यास पुन्हा पाठवावे' एवढे शेवटी घाला, आणि तारखेपुढे महिना लिहायचा राहिला आहे.