मदत हवी आहे: मैत्रिणीच्या गाडीला जॅमर लागला, दंड कुणी भरायचा?

पेठकरीण:
प्रश्न पैशांचा आहे आणि नाहीही. आमचा चौघींचा कॉलेजपासूनचा ग्रुप चार दिवस गप्प आहे, त्यात थोडा दोष माझा, म्हणून इथे विचारतेय. नावं बदलली आहेत.

मी सदाशिव पेठेत राहते. रविवारी, १ जूनला, आमरस-पुरीचा बेत केला होता. मधू आणि शुभा चिंचवडहून मधूच्या गाडीतून आल्या. नंदिनी साताऱ्याहून एसटीने येणार होती, तिला उशीर होता. आमच्या बिल्डिंगमध्ये पाहुण्यांच्या गाडीला जागा नाही. मधूने खालून फोन केला, "अगं, कुठल्या बाजूला लावू?" आमच्या गल्लीत पी-वन पी-टू आहे, म्हणजे एक बाजू सम तारखेला, दुसरी विषम. मी खिडकीतून डोकावले आणि ठोकून दिलं, "काल गाड्या आपल्या बाजूला होत्या, म्हणजे आज समोर. लाव बिनधास्त."

काल होती ३१ तारीख. आज १. दोन्ही विषम!

माझ्याकडे फक्त स्कूटर, तीही आत लागते, त्यामुळे मला तारखा बघायची वेळच येत नाही. पण सांगताना आवाज असा होता की जणू ट्रॅफिक शाखा माझ्याच घरातून चालते. पाटी आहे, पण त्याच खांबावर कुणा भावी नगरसेवकाच्या वाढदिवसाचा फ्लेक्स बांधलाय, त्यामुळे खालची ओळ दिसत नाही.

साडेचारला खाली उतरलो तर पुढच्या चाकाला पिवळा जॅमर आणि काचेवर फोन नंबरचा कागद. तासाभराने हवालदार आले. मशीनवर नंबर टाकला तर दंड १५०० रुपये. पाचशे कसे नाहीत विचारलं, तर म्हणाले याच गाडीवर नो पार्किंगचं आधीचं चलन आहे. ते मधूच्या दिराचं. गाडी सासऱ्यांच्या नावावर, मेसेज त्यांच्याच मोबाइलवर जातो. जॅमर निघायच्या आत त्यांचा फोन: "सूनबाई, गाडी कुठंय?" मधूचा चेहरा एवढासा झाला. तिने पैसे भरले, नंदिनीला स्वारगेटला सोडलं आणि त्या दोघी चिंचवडला गेल्या.

रात्री शुभाने ग्रुपवर टाकलं, "१५०० भागिले ४ = ३७५. सगळ्यांनी मधूला पाठवा." सकाळी नंदिनीने लिहिलं, "गाडी लावली तेव्हा मी शिरवळला होते." त्यावर शुभा: "हो, पण स्वारगेटला त्याच गाडीतून गेलीस ना." तेव्हापासून शांतता.

मी मधूला १५०० जीपे केले. दोन मिनिटांत परत. सोबत शेरा, "जेवणाचे धर". मला ते फार लागलं. माझ्या घरी जेवायला आल्या होत्या, खानावळीत नाही. ती म्हणते, "राहू दे गं, मी भरलेत, विषय संपला." संपलेला नाही.

चौघींनी वाटून घ्यावे, की मी एकटीने द्यावे, की गाडी जिची तिची जबाबदारी? नंदिनीशी काय बोलू?

सम्यक_विषम:
३१ ला लागून १ येणारे महिने वर्षात सात. त्या सातही वेळा बाजू बदलत नाही. लीप वर्षात २९ फेब्रुवारी आणि १ मार्च धरले तर आठ. तुमची चूक अगदी नियमित स्वरूपाची आहे, वाईट वाटून घेऊ नका. (ह. घ्या.)

चक्रधर:
स्टिअरिंग जिच्या हातात, दंड तिचा. खिडकीतून कुणी काहीही सांगेल. उद्या कुणी "सिग्नल तोड" म्हटलं तर तोडणार का? पाटी वाचायचं काम चालवणाऱ्याचं. तुम्ही पैसे द्यायचा प्रश्नच नाही.

सुगरण_नसलेली:
चक्रधर, परक्या गल्लीत गेल्यावर तिथे राहणाऱ्यालाच विचारतो ना आपण? मी तर चहावाल्याला विचारते आणि तो सांगेल तसं करते. पाहुणीने यजमानिणीचं ऐकलं यात तिची काय चूक? ताई, तुम्ही पैसे देऊ केलेत हे योग्यच केलंत.
अवांतर: १ जूनला आमरस कुठल्या आंब्याचा? हापूस तोवर राहतो का चांगला?

पेठकरीण:
@सुगरण, पायरी. हापूसने मेमध्येच निरोप घेतला.

वकिलीण_बाई:
कायद्यापुरतं सांगते. मोटार वाहन कायद्याच्या कलम १७७ खाली पहिल्यांदा ५००, पुन्हा तोच प्रकार झाला तर १५००. महाराष्ट्रात हे दर डिसेंबर २०२१ पासून आहेत. ई-चलन नोंदणी ज्याच्या नावावर त्याला जातं, म्हणून सासऱ्यांना मेसेज. मैत्रिणींमध्ये वाटणी कशी करायची यावर कायदा काही बोलत नाही, त्याला तेवढंच काम नाही.

आता कायदा बाजूला ठेवून. त्या दिवशी झालेल्या चुकीचा दंड ५००. वरचे १००० दिरांच्या आधीच्या पराक्रमाचे. ते चार मैत्रिणींत वाटायचं काही कारण मला दिसत नाही. शुभाताईंनी भागाकार बरोबर केला, पण वर मांडायचा आकडाच चुकला. आणि दिरांचं ते जुनं चलन भरलंय की थकलंय तेही एकदा महाट्रॅफिकच्या साइटवर गाडी नंबर टाकून बघायला सांगा. थकलं असेल तर लोक अदालतीत तडजोडीने मिटवता येतं.

पेठकरीण:
वकिलीणताई, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं! पण "हजार तुझ्या दिराकडून घे" हे मी मधूला कोणत्या तोंडाने सांगू? तिच्या घरचा मामला.

वकिलीण_बाई:
सांगूच नका. तुम्ही फक्त २५० पाठवा आणि लिहा, "पाचशेतले अर्धे माझे." बाकीचं गणित ती करेल. बायकांना सासरची गणितं शिकवावी लागत नाहीत.

चक्रधर:
२५० तरी का? असो. माझं मत मी मांडलं.

घाटमाथा:
मी साताऱ्याचा, म्हणून नंदिनीताईंच्या बाजूने बोलतो. तुम्ही सगळे ३७५ वर अडलाय. त्या बाई रविवारी एसटीने उभ्याने आल्या असतील, संध्याकाळी परत तशाच. एवढं करून आलेल्या माणसाला "स्वारगेटला सोडलं" हे ऐकवायचं? सदाशिव पेठ ते स्वारगेट रिक्षाने असे किती होतात? पैसे मागितले यापेक्षा सोडलेलं मोजलं, ते लागलं असणार. ग्रुपवर काही लिहू नका. फोन करा.

निवांत:
+१. आणि फोनवर दंडाचा विषय तुम्ही काढू नका. त्या काढतील.

सम्यक_विषम:
पुढच्या वेळी पार्ट्या सम तारखेला ठेवा. १ तारखेचा घोळच नको.

पेठकरीण:
अपडेट देते, दोन दिवस उशीर झाला.

मधूला २५० पाठवले, वर सांगितलं तसंच लिहून. या वेळी परत आले नाहीत. तासाभराने तिचा मेसेज आला, "बरोबर आहे तुझं. अर्धी चूक माझी, मी पाटी बघायला उतरले नाही." दिराबद्दल ती काही बोलली नाही, मीही विचारलं नाही. हजार वसूल झाले का, हे विचारायचा मोह होतोय, पण आवरलाय.

नंदिनीला फोन केला. पहिली दहा मिनिटं तिच्या मुलाची अॅडमिशन आणि साताऱ्यातला पाऊस. मग स्वतःच म्हणाली, "तीनशे पंचाहत्तर मी देणारच होते गं. लिहायला घेतलं होतं, की मी नव्हते तरी माझे धरा. पहिलं वाक्य पाठवलं आणि तेवढ्यात डोअरबेल वाजली, दूधवाला होता. परत येऊन बघते तर शुभाचं उत्तर." म्हणजे आम्ही सगळ्यांनी अर्धाच मेसेज वाचून चार दिवस काढले. घाटमाथा, तुमचा अंदाज बरोबर. ती म्हणाली, "मला वाटलं मधू हौसेने सोडतेय. स्वारगेटपर्यंत गाडीत किती हसलो आपण, असं रात्रभर आठवत होते." त्यावर मला काही बोलता आलं नाही. मधूने खरंच हौसेने सोडलं होतं, हे मात्र मी दोनदा सांगितलं.

तिचे पैसे कुणीच घेणार नाही, हे तिला पटलंय. पुढच्या खेपेला कंदी पेढे आणते म्हणाली.

राहिली शुभा. तिला मी नंदिनीचा अर्धा राहिलेला मेसेज सांगितला. बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, "मी ग्रुपवर सॉरी टाकते." म्हटलं ग्रुपवर नको, फोन कर. परवाची गोष्ट. अजून केलेला नाही.

निवांत:
करेल. दोन दिवस द्या.

घाटमाथा:
पेढे आले की धाग्यावर कळवा.