फिलाडेल्फिया : तुमच्या लक्षात काय राहिलं?

न्यू जर्सीतल्या आम्हा मराठी घरांची एक ठरलेली सहल असते. आई-बाबा भारतातून आले की एक शनिवार फिलाडेल्फियाचा. लिबर्टी बेल ही ऐतिहासिक घंटा बघायची, इंडिपेंडन्स हॉलपुढे फोटो, संध्याकाळी घरी. मीही चार वेळा तेवढंच केलं. पाचव्यांदा हॉलच्या आत गेले. केवढीशी खोली ती! हिरव्या कापडाची टेबलं, समोर वॉशिंग्टनची खुर्ची आणि तिच्या पाठीवर कोरलेला अर्धा सूर्य. १७ सप्टेंबर १७८७ ला याच खोलीत अमेरिकेच्या राज्यघटनेवर सह्या होत असताना ८१ वर्षांचे बेंजामिन फ्रँकलिन म्हणाले होते की हा सूर्य उगवतीचा की मावळतीचा ते इतके दिवस कळत नव्हतं. आता कळलं, उगवतीचा. त्या खुर्चीसमोरून माझा पाय निघेना. (आत जायला बहुतेक महिने वेळेचं तिकीट आधी काढावं लागतं, तेवढं लक्षात ठेवा.)

तुम्हाला या शहरात कुठे थांबावंसं वाटलं? सविस्तर लिहा.

*

आमचं मूळ घर पुण्याच्या तांबट आळीतलं, त्यामुळे मी थांबलो तो लिबर्टी बेलपाशीच. लंडनहून १७५२ मध्ये आली आणि वाजवून बघतानाच तडकली. पास आणि स्टो या इथल्या दोन कारागिरांनी ती वितळवली. ठिसूळपणा जावा म्हणून तांबं वाढवलं, तर आवाज बिघडला. पुन्हा वितळवून पुन्हा ओतली. आजोबा सांगायचे, काशात, म्हणजे तांबं आणि कथलाच्या मिश्रणात, कथील वाढलं की नाद खुलतो, पण भांडं ठिसूळ होतं. त्या दोघांची अडचण मला तिथे उभ्या उभ्या कळली.

आणखी एक. फोटोत दिसते ती रुंद फट म्हणजे मूळ तडा नव्हे, ती दुरुस्ती आहे. कडा एकमेकींवर घासू नयेत म्हणून १८४६ मध्ये तो तडा मुद्दाम रुंद केला. फटीच्या वर बघा, केसासारखी दुसरी रेघ दिसेल. ती ‘लिबर्टी’ या शब्दातूनच गेली आहे, आणि तिनेच घंटा कायमची मुकी केली. मी मुलीला उचलून ती रेघ दाखवली.

*

कला संग्रहालयाच्या ७२ पायऱ्या चढून सगळे फोटो काढतात आणि उतरतात. आत जा! मदुराईच्या देवळाचा खांबांचा अख्खा मंडप आहे, सोळाव्या शतकातला. सासूबाईंनी चपला काढायला सुरुवात केली होती. गुडघे दुखत असतील तर मागच्या बाजूनेही प्रवेश आहे.

*

वरती घंटेबद्दल दादांनी फार छान लिहिलंय. मी साताऱ्याच्या शाळेत इतिहास शिकवायचे. घंटेच्या इमारतीला लागूनच, राष्ट्राध्यक्ष असताना वॉशिंग्टन राहत त्या घराची जागा आहे. तिथे त्यांनी नऊ गुलाम ठेवले होते. पेनसिल्व्हेनियाच्या १७८० च्या कायद्याने बाहेरून आणलेला गुलाम सहा महिने सलग इथे राहिला की मुक्तता मागू शकत असे. म्हणून मुदत भरायच्या आत त्यांना राज्याबाहेर नेऊन परत आणायचे. त्यांतली ओनी जज ही तरुण मुलगी १७९६ मध्ये, घरचे जेवायला बसलेले असताना, निघून गेली. ती पुन्हा त्यांच्या हाती लागली नाही. इतकी वर्षं मी मुलांना वॉशिंग्टन शिकवले, पण ओनीचं नाव घेतलं नव्हतं. आता नातवंडांना सांगते.

*

एल्फ्रेथ्स ॲली चुकवू नका. दगडी गल्ली, विटांची ३२ घरं, अठराव्या शतकापासूनची. अजून लोक राहतात, तेव्हा खिडक्यांतून डोकावू नका. वाड्यात वाढलेल्या माणसाला घरी आल्यासारखं वाटतं.

*

मी डॉक्टर आहे, मूळची कल्याणची. माझ्यासाठी फिलाडेल्फिया म्हणजे आनंदीबाई जोशी. त्यांचं विमेन्स मेडिकल कॉलेज नॉर्थ कॉलेज ॲव्हेन्यूवर होतं, ते १९३० मध्ये दुसरीकडे हललं. तरी मी त्या रस्त्यावर चालून आले. जानेवारी होता, हातमोज्यांतही बोटं बधिर झाली. १८८३ मध्ये अठरा वर्षांची मुलगी लुगड्यात हा हिवाळा कसा काढत असेल?

कॉलेजचे जुने कागद आता ड्रेक्सेल विद्यापीठाच्या संग्रहात आहेत. १० ऑक्टोबर १८८५ चा तो फोटोही तिथलाच: आनंदीबाई, जपानच्या केइको ओकामी आणि सीरियाच्या सबात इस्लामबुली, तिघी आपापल्या देशाच्या पोशाखात. ११ मार्च १८८६ ला पदवी मिळाली, तेव्हा पंडिता रमाबाई इंग्लंडहून मुद्दाम आल्या होत्या. पुढच्याच फेब्रुवारीत आनंदीबाई पुण्यात वारल्या, बावीसही पूर्ण नव्हती.

त्या फोटोची प्रत आता माझ्या कन्सल्टिंग रूममध्ये आहे. पेशंट विचारतात, या कोण? मी स्टेथोस्कोप बाजूला ठेवून सांगते.