बीटी झेंडू खरंच निघाला आहे का?

प्रश्न (आर्णी तालुका, यवतमाळ)
दीड एकर पऱ्हाटी (कापूस) अन् दसऱ्यासाठी अर्धा एकर झेंडू. कळी वाटाण्याएवढी झाली की हिरवी अळी तोंड आत खुपसते, मागचा भाग बाहेर. कळी फोडली तर आत नुसता ओला भुसा. मागच्या वर्षी चार फवारे झाले. फवारा मालक मारतात, पण तोडणी आम्हा बायांची, उघड्या हातानं. संध्याकाळी मनगटाची आग आग होते. २०१७ मध्ये आमच्या जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं माणसं गेली, तेव्हापासून पंप पाठीवर चढला की माझा जीव थाऱ्यावर राहत नाही. आता एका दुकानदारानं ‘बीटी झेंडू’ म्हणून पुडी दाखवली. कापसाला चालते, मग फुलाला का नाही? फूल तर कोणी खात नाही. घेऊ का?

उत्तर (अकोला)
ताई, घेऊ नका. बीटी म्हणजे अळीला मारणारं विष झाडातच तयार करणारं, जिवाणूतून घेतलेलं जनुक. जनुकीय बदलाचं एकच पीक आपल्याकडे रीतसर लावलं जातं, कापूस, २००२ पासून. पीक खायचं असो की हारात ओवायचं, जीईएसीची, म्हणजे जनुकीय पिकं तपासणाऱ्या केंद्राच्या समितीची, मंजुरी लागतेच. झेंडूला ती नाही. परदेशात जांभळट कार्नेशन विकतात, पण तिथं बदल रंगाचा आहे. जपानमध्ये शेवंतीत बीटीचं जनुक घालून पाहिलं, तेही तुमच्या याच हिरव्या अळीसाठी. पण फुलकिडे अन् लाल कोळी रस शोषतात, त्यांना या बीटीनं काही होत नाही. पऱ्हाटीवर तुडतुड्यांसाठी फवारा मारावाच लागतो ना, तसंच.

उत्तर (हिंगणघाट)
बाई, तुमची तळमळ समजते. पण माझं ऐका. २०१७ ला बीटी असूनही माझं अख्खं वावर डोमकळ्यांनी (अळीमुळे न उमललेल्या फुलांनी) भरलं, बोंडं आतून गुलाबी अळीनं खाल्लेली. ४५० ग्रॅमच्या पाकिटासोबत १२० ग्रॅम साध्या बियाण्याची पुडी यायची, ती पऱ्हाटीच्या कडेनं पेरायची होती, पण आम्ही धुऱ्यावर (बांधावर) फेकत होतो. साध्या झाडावरची अळी बीटीला मरणारी राहते. तिचा पतंग बीटी पचवणाऱ्याशी जुळला, तर पुढची पिढी बहुतेक बीटीनं मरते. ती जागाच आम्ही ठेवली नाही, याचं मला आजही वाईट वाटतं.
गुलाबी अळी झेंडूवर येत नाही, हिरवी येते. म्हणूनच मी पऱ्हाटीच्या कडेनं झेंडू लावतो, मादी त्याच्यावर आधी अंडी घालते. उद्या झेंडूही बीटी झाला तर हिरवीलाही साधी जागा कमी होईल.

प्रश्नकर्ती
काका, पुडी परत केली. पण यंदाच्या कळ्यांचं काय करू?

उत्तर (हिंगणघाट)
सकाळी पोखरलेल्या कळ्या वेचून नष्ट करा. अळी बारीक असतानाच एचएएनपीव्ही (हिरव्या अळीला रोग लावणारा विषाणू) मारा, ऊन उतरल्यावर, कारण उन्हात त्याचा जोर जातो. हा विषाणू अळीलाच लागतो, माणसाला नाही. चारसहा दिवसांनी अळ्या शेंड्याला उलट्या लटकलेल्या दिसल्या की समजा, लागू पडलं.