मदत हवी आहे: व्हॅक्यूम सेन्सर झीरोवर येईना

नमस्कार मंडळी. सोलापुरात आमचं शेंगा चटणीचं छोटं पॅकिंग युनिट आहे. व्हॅक्यूम मशीनच्या सेन्सरच्या भोकात चटणीची तेलकट पूड बसली होती. पोरानं सरळ कंप्रेसरची ६ बार (बार म्हणजे दाबाचं एकक) हवा मारली! सेन्सर ० ते उणे १ बारचा, म्हणजे आतला दाब बाहेरच्या हवेपेक्षा किती कमी ते दाखवणारा. आता झाकण उघडं असलं तरी उणे ०.०८ दाखवतोय. डायफ्राम (सेन्सरमधला दाब जाणणारा पातळ पडदा) गेला, की झीरो सेट करून चालेल?

नवीन घेतलाच, तर पुढे फिल्टर कुठला लावू? साधा कागदी दोन दिवसांत चिकटतो.

आणि सप्लायर म्हणतो, रीडिंग पूर्ण उणे १ आलं पाहिजे. अहो, सोलापूर समुद्रसपाटीपासून साधारण ४५० मीटरवर, इथं हवेचाच दाब ०.९६ बारच्या आसपास. मग उणे १ येणार कुठून? माझं चुकतंय का? लवकर सांगा की, ऑर्डर अडकलीय.