चेनसॉच्या बारचा स्टड नुसताच फिरतोय, आटे गेलेत. हेलिकॉइल (तारेच्या वळीचे नवे आटे) मारू की लेथवर स्टड बनवून घेऊ?

बागवाला_कुडाळ
नमस्कार मंडळी. घरी ५८ सीसीचं चायनीज चेनसॉ मशीन आहे, कंपनी विचारू नका, स्टिकर केव्हाच उडालंय. दादाने सेकंड हँड घेतलेलं, आता माझ्याकडे आलंय. बार (चेन जिच्याभोवती फिरते ती लांब पट्टी) धरून ठेवणारे दोन स्टड (बिनडोक्याचे बोल्ट) असतात ना, त्यातला मागचा नट टाइट होतच नाही, पाना फिरवला की फिरतच राहतो, मधेच जरा धरल्यासारखा वाटतो आणि परत सुटतो. पुढचा ठीक आहे. सध्या एकाच नटावर थोडं काम केलं पण चेन सारखी ढिली पडते आणि बार हलतो. पाऊस तोंडावर आलाय आणि मांगरावर (शेतातल्या घरावर) वाकलेला एक आकेशिया पावसाआधी तोडायचाच आहे. इथला रिपेअरवाला म्हणतो पूर्ण केसिंग (इंजिनाची बॉडी) बदला, त्यात मजुरी धरली तर अजून थोडे घालून नवं मशीन येईल. शेजारी म्हणतो वेल्डिंग मार. माझ्याकडे ड्रिल मशीन आणि पान्यांचा सेट आहे, बाजारात लेथचं दुकान आहे. काय करावं?

लेथ_काका
पहिलं म्हणजे एका नटावर चालवणं आजपासून बंद. बार मागे सरकला की चेन ढिली, ढिली चेन स्प्रॉकेटवरून (चेन फिरवणाऱ्या दातेरी चाकावरून) उतरते आणि उतरताना हाताकडे फटका मारते. सुटलेली चेन अडवणारा चेन कॅचर असतो खाली पण त्याच्या भरवशावर राहू नका.

वेल्डिंगचं तर नावच काढू नका. शेजारी पेट्रोलची टाकी, त्याच्या पुढे ऑइलची टाकी, आणि केसिंग मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचं असलं तर ते पेटू शकतं, आणि पेटलेल्या मॅग्नेशियमवर पाणी मारलं तर अजून भडकतं.

आता मुद्द्याचं. आटे कुठले गेलेत ते आधी बघा, कारण तीन जागा आहेत: नटाचे, स्टडच्या बाहेरच्या टोकाचे, किंवा केसिंगमधले. पुढचा चांगला नट काढून मागच्या स्टडवर हाताने लावून बघा. नीट बसला तर खराबी जुन्या नटात, दहावीस रुपयांत काम झालं. नट फिरताना स्टडसुद्धा सोबत फिरतोय का ते बघा, स्टडच्या टोकाला मार्करने एक रेघ मारा म्हणजे लगेच कळेल. रेघ फिरली तर केसिंगचे आटे गेले. रेघ जागेवर आणि नट नुसता फिरतोय तर स्टडचे गेले, मग नवीन स्टड घालायचा, बस.

टूव्हीलर_मिस्त्री
काकांना अनुमोदन. स्टड बाहेर काढायला डबल नट करायचा, म्हणजे दोन नट लावून एकमेकांवर टाइट करायचे, मग आतला नट उलटा फिरवायचा की स्टड बाहेर. पक्कडने धरू नका, उरलेसुरले आटेही जातील.
आणि नुसते टोकाचे एकदोन आटे चेपले असतील तर एवढ्या भानगडीची गरज नाही, एम ८ ची (८ एमएमची) १.२५ पिचची (दोन आट्यांमधलं अंतर, एमएममध्ये) आटे पाडायची डाय थोडं ऑइल लावून फिरवा, किंवा तिकोनी कानस मारा. डाय सरळ बसवणं महत्त्वाचं, तिरकी लागली तर नवेच आटे पडतात.

बागवाला_कुडाळ
रेघ मारून बघितली. स्टड फिरतोय 😞 डबल नट करायचीही गरज पडली नाही, ओढला तर हातातच आला. आतल्या बाजूच्या आट्यांत पांढऱ्या धातूची स्प्रिंगसारखी वळी अडकलीय. म्हणजे केसिंगचेच ना? दादाचा मित्र म्हणतो भोकात अरल्डाइट (एपॉक्सी गोंद) भर आणि स्टड चिकटव, पावसाळा निघेल.

टूव्हीलर_मिस्त्री
होय, ती वळी म्हणजेच तुमच्या केसिंगचे आटे, सगळे सोलून बाहेर आलेत.
अरल्डाइट नको. क्लच शेजारीच आहे, तिथे चांगलंच तापतं, एपॉक्सी गरम झाली की मऊ पडते, वरून बार ऑइल झिरपत असतं आणि नट टाइट करताना सगळा ताण ओढायचाच असतो. उद्या परत हातात येईल आणि भोक एपॉक्सीने भरलेलं असेल ते वेगळंच, मग नंतर नीट करणाराही वैतागेल.

सरळ हेलिकॉइल करा. एम ८ चा किट घ्या, त्यात भोकात आटे पाडायचा त्याचा वेगळा टॅप असतो (साधा एम ८ टॅप चालत नाही), ड्रिल ८.३ चं. ड्रिल मारा, टॅप फिरवा, कॉइल आत बसवा, खालची जीभ तोडून बाहेर काढा, झालं. जीभ आत राहू देऊ नका. कॉइलची लांबी भोकाच्या खोलीप्रमाणे घ्या, शक्यतो १२ एमएम, आठ एमएमची लहान पडते.

मालवणी_माणूस
ता सगळा रवांदे, जुना मशीन भंगारात घाल आणि नवा घे 😄

लेथ_काका
@मालवणी_माणूस दोन नट टाइट करता येत नाहीत म्हणून मशीन फेकायचं तर उद्या गाडीही फेकावी लागेल.

हेलिकॉइलला माझा विरोध नाही, पण कुडाळात बसून एका भोकासाठी अख्खा किट मागवायचा, दुकान जवळ असताना? माझ्याकडे असं काम आलं तर मी स्टेप स्टड बनवतो. म्हणजे आतली बाजू एम १० आणि बाहेरची एम ८. केसिंगमध्ये ८.५ चं ड्रिल, एम १० चा साधा १.५ पिचचा टॅप, तो तर प्रत्येक वर्कशॉपमध्ये असतोच. लोकांना वाटतं एम १० म्हणजे केसिंग फारच खाल्लं, पण हेलिकॉइलचा टॅपही बाहेरून साडेनऊच्या पुढे जातो हो. फरक फार नाही. तरी भोकाभोवती भिंत किती जाड आहे ते कॅलिपरने मोजूनच ठरवा, पातळ असेल तर मग हेलिकॉइलच.

आणि स्टडच्या मधला जो जाड भाग असतो, कॉलर, तो विसरू नका. बारची खाच त्याच्यावर बसते. बरेच लोक साधा आठ एमएमचा बोल्ट घालून मोकळे होतात, मग खाचेत बोल्ट खुळखुळतो आणि बार वर-खाली हलत राहतो. जुना स्टड लेथवाल्याकडे घेऊन जा, कॉलरचा डायमीटर आणि लांबी तंतोतंत तीच ठेवायला सांगा.

टूव्हीलर_मिस्त्री
काका स्टेप स्टडचा मुद्दा मान्य, पण तो पुढे कधी वाकला तर परत लेथवर धाव घ्यावी लागणार. हेलिकॉइल असेल तर बाजारातला तयार स्टड बसतो. ज्याचं त्याचं गणित.

शेतकरी_दापोली
दोघांच्याही भांडणात एक राहिलं, ड्रिल मारताना भोक सरळ कसं ठेवायचं ते. हातातल्या ड्रिलने थोडं जरी तिरकं गेलं तर स्टड तिरका, मग कव्हर बसत नाही आणि बारही चेनच्या रेषेत येत नाही. लेथवाल्याकडे ड्रिल प्रेस असेलच, केसिंग नीट पॅक करून तिथेच मारून घ्या, टॅपसुद्धा त्याच प्रेसच्या चकमध्ये धरून हाताने फिरवून सुरू करायचा.

आधी पेट्रोल आणि ऑइल दोन्ही पूर्ण काढा. भोकाची खोली तारेने मोजा आणि ड्रिलला तेवढ्यावर टेप लावा, काही मॉडेलमध्ये मागेच ऑइलची टाकी असते, पलीकडे गेलात तर बार ऑइल स्टडमधून गळत बसेल. ऑइल पंपाच्या तोंडात आणि क्लचवर फडकं कोंबा. टॅपिंगला रॉकेल किंवा साधं मशीन ऑइल, पाणी मिसळलेलं कूलंट नको. कीस साठू देऊ नका, ब्रशने लगेच झटका, आणि त्या टेबलावर कुणी ग्राइंडर चालवत असेल तर आधी थांबवा. केसिंग मॅग्नेशियमचं आहे का बघायचं तर एका कोपऱ्यात कानस मारून व्हिनेगरचा थेंब टाका, बुडबुडे आले तर मॅग्नेशियम.

बागवाला_कुडाळ
सगळ्यांचे खूप आभार 🙏 व्हिनेगर टाकलं, बुडबुडे आले. लेथवाल्याशी बोललो, तो म्हणतो भिंत भरपूर आहे, स्टेप स्टड करून देतो, ड्रिल आणि टॅपही तोच मारणार. त्याला कीसाचं आणि पाण्याचं बजावून सांगितलं. स्टड बसवताना लॉकटाइट (आटे धरून ठेवणारा गोंद) लावायचं का? आणि काका, हे आटे मुळात जातात कशाने? परत तेच व्हायला नको.

लेथ_काका
केसिंगच्या बाजूला लावा. आधी भोक आणि स्टड दोन्ही थिनरने धुऊन कोरडे करा, तेलकट राहिलं तर लॉकटाइट धरत नाही. निळं पुरे, लाल लावलं तर पुढे काढताना गरम करावं लागेल आणि मॅग्नेशियमला ज्योत दाखवणं नको. नटाच्या बाजूला काही नको. स्टड कॉलर टेकेपर्यंत फिरवा, जोर लावू नका, आणि बाहेर किती राहिला ते पुढच्या स्टडशी पट्टीने जुळवा. एक रात्र तसंच ठेवा.

कारण म्हणाल तर बहुतेक वेळा चेन ताणणाऱ्या टेन्शनरची पिन. कव्हर लावताना ती पिन बारच्या छोट्या भोकात बसलेली नसते, कव्हर अर्धवट उभं राहतं, आणि माणूस नट आवळून ते दाबून बसवायला जातो. तिथे पिन वाकते नाहीतर आटे जातात. दुसरं म्हणजे खाचेत आणि कव्हरच्या मागे भुसा कोंबलेला असतो, आज आवळलं की तो दबतो, उद्या परत ढिलं, परत आवळा, असं रोज.
कव्हर हाताने दाबून पूर्ण टेकलंय बघा, दोन्ही नट बोटांनी लावा, बारचं टोक वर उचलून धरा, चेनचं टेन्शन करा, टोक तसंच वर धरून मशीनसोबत आलेल्या पान्याने नट आवळा. पान्याला पाइप लावायचा नाही. इम्पॅक्ट गन तर अजिबात नाही.

शेतकरी_दापोली
आणि पुढचा स्टडही एकदा तपासून घ्या, मागचा ढिला असताना सगळा भार त्यानेच घेतलाय. लेथवर जाताच आहात तर तोही काढून आटे बघायला सांगा, एकाच फेरीत होईल.