उणे तीन एकी की बेकी?

नौपाडा, ठाणे
मंडळी, मुलीचा संगणकाचा अभ्यास घेताना अडले. उणे संख्येला सम-विषम म्हणतात का? आमच्या गल्लीत ‘सम तारखेस पार्किंग’ अशी पाटी आहे, पण तारीख कुठे उणे असते, असं तिचं म्हणणं. आणि बायनरीला, म्हणजे फक्त ० आणि १ वापरून संख्या लिहिण्याच्या पद्धतीला, ‘द्विअंकी’ म्हणायचं का?

ऐरोली
ताई, ‘द्विअंकी’ नको. ती दोन अंकांची संख्या झाली, १० ते ९९. दशमान तशी द्विमान.

उणे संख्याही सम-विषम असतात. दोनाने निःशेष भाग गेला की सम, म्हणून –४ सम, –३ विषम आणि शून्यही सम. पण इथे मला जुने शब्दच जवळचे वाटतात: एकी, बेकी. ‘बे एके बे’मधला हा बे. आजी मुठीत चिंचोके धरून ‘एकी की बेकी?’ विचारायची. मूठ उघडली की जोड्या लावायच्या, एक उरला तर एकी.

द्विमान पद्धतीतही तेच. शेवटच्या स्थानाची किंमत १, बाकीच्यांची २, ४, ८, सगळ्या बेकी. आता ‘टूज कॉम्प्लिमेंट’मध्ये, म्हणजे संगणक उणे संख्या ज्या रीतीने लिहितो तिच्यात, आठ स्थानांत उणे तीन लिहू. ३ म्हणजे ००००००११. सगळे अंक उलटे केले की ११११११००, त्यात एक मिळवला की ११११११०१. पहिल्या स्थानाची किंमत इथे उणे १२८ असते, पण तीही बेकीच. त्यामुळे एकी ठरते ती शेवटच्या १ वरूनच. नुसते अंक उलटे करून थांबलात, तर उणे तीनच्या शेवटी ० दिसेल आणि फसाल.

मी वेगळ्या ठिकाणी फसलो होतो. सी या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत ‘दोनाने भागून बाकी १ आली तर विषम’ असं लिहिलं होतं. तिथे उणे तीनची बाकी उणे एक येते, म्हणून साऱ्या उणे विषम संख्या सम ठरत होत्या. ‘बाकी शून्य नसेल तर’ असं लिहायला हवं होतं.

नौपाडा, ठाणे
पण ‘एकी’ म्हणजे ऐक्यही ना? आणि उणे चिंचोके कुठून आणू?

ऐरोली
‘विषम’लाही विषमता, विषमज्वर चिकटलेले आहेतच की. संदर्भाने कळतं. चिंचोके उधार आणा! गणिती ब्रह्मगुप्ताने ६२८ साली उणे संख्येला ऋणच म्हटलं आहे. सात चिंचोके देणं असेल तर देण्याच्या तीन जोड्या, एक देणं उरतं.

नौपाडा, ठाणे
तिने उणे सात स्वतः लिहिलं, १११११००१. शेवटच्या १ वर बोट ठेवून म्हणाली, “हा बघ उरलेला.”